पायरीवरचा विसावा

आमच्या दिंडीतल्या एका माउलींचा गेल्या महिन्यात फोन आला. म्हणाले, "आईला लेण्याद्रीचं दर्शन घडवायचं आहे. वय 76. गुडघे दुखतात, पण ऐकत नाही. तुम्ही जाऊन आलाय ना? काय काय काळजी घ्यावी ते सांगा." मी फोनवर पाच-सात गोष्टी सांगितल्या. पण फोन ठेवल्यावर जाणवलं की, हे सगळं मला ज्यामुळे कळलं ते सांगायचं राहूनच गेलं. ते सांगितल्याशिवाय नुसत्या सूचना कोरड्या आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा अष्टविनायकांपैकी डोंगरावरच्या लेण्यात वसलेला एकमेव गणपती. गिरिजेचा आत्मज, म्हणजे पार्वतीचा पुत्र. पुत्र व्हावा म्हणून पार्वतीने याच डोंगरात बारा वर्षं तप केलं, अशी कथा आहे. अष्टविनायकांतली बाकीची नावं देवाच्या पराक्रमाची, रूपाची किंवा त्याच्या भक्तांची. इथे मात्र देव आईच्या नावाने ओळखला जातो. आणि याच ठिकाणी मी माझ्या आईशी चुकलो.

त्याला आता नऊ वर्षं झाली. आम्ही भाड्याची जीप करून निघालो होतो. बेत असा की, एका दिवसात लेण्याद्री, ओझर आणि रांजणगाव उरकायचं. 'उरकायचं' हा शब्द तेव्हा मीच वापरला होता. निघायलाच उशीर झाला, नारायणगावला चहात अर्धा तास गेला आणि पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. एप्रिलचा महिना, त्यात रविवार. आई आळंदी ते पंढरपूर अठरा वर्षं पायी चाललेली, त्यामुळे तिला पायऱ्यांचं काय, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. स्वतः आईनेही.

पण वारीची वाट आणि डोंगराची पायरी यांत फरक आहे. वारीत एक दिवे घाट सोडला तर वाट बहुतेक सपाट. तिथे पाय पुढे टाकायचा असतो, इथे सगळं अंग वर उचलायचं असतं. आणि वारीत ठरलेले विसावे असतात. न्याहारीचा विसावा, दुपारचं जेवण, संध्याकाळचा तळ. माउलींची पालखीसुद्धा थांबते. आम्ही मात्र कुठेच थांबायचं ठरवलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर आई बसली. चेहरा लाल झालेला. नवस म्हणून अनवाणी चढत होती, दगड तापलेला. मी वरच्या पायरीवरून म्हणालो, "आई, चल गं, अजून ओझर आहे, रांजणगाव आहे." ती म्हणाली, "तू जा वर. मी बसते हितंच. माझा नमस्कार सांग." मी "बरं" म्हणालो आणि गेलो. तिच्या हातात पाण्याची बाटली आहे का, हेही पाहिलं नाही.

वर रांग होती. अर्ध्या तासाने समोर पोचलो, हात जोडले आणि पुढे सरकलो. मनात रांजणगावला किती वाजता पोचू याचा हिशेब चालू होता. देवाने काय दर्शन दिलं मला माहीत नाही, मी ते घेतलंच नाही. आईचा नमस्कार सांगायचाही राहिला.

खाली आलो तर आईभोवती चार माणसं उभी. तिच्या मांडीवरची पिशवी माकडाने ओढून नेली होती. पिशवीत प्रसादाची केळी होती, माकडाला ती हवी होती. पण त्याच पिशवीत तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि चष्मा होता. एका अनोळखी बाईने तिला आपल्या पदराच्या सावलीत बसवून पाणी पाजलं होतं. आणि मी काय बोललो? "पिशवी नीट धरता येत नव्हती का?" आई काही बोलली नाही. त्या बाईने माझ्याकडे जे पाहिलं ते आजही आठवतं. आम्ही रांजणगावला गेलो नाही. नारायणगावला औषधाचं दुकान शोधत बसलो.

घरी आल्यावरही आईने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त महिनाभराने एकदा हरिपाठ झाल्यावर म्हणाली, "देव वर होता, मी खाली होते, तू दोन्हीकडं नव्हतास."

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी एकच मुक्काम धरला, लेण्याद्री. तेव्हा जे शिकलो ते त्या माउलींना सांगितलं, आता आपल्यालाही सांगतो.

पहिली गोष्ट, दिवस. म्हाताऱ्या माणसाला घेऊन रविवारी, संकष्टीला किंवा अंगारकीला जाऊ नये. भाद्रपद आणि माघ चतुर्थीच्या उत्सवात तर नाहीच. आईला हे पटेना. "चतुर्थीला नाही जायचं तर कधी?" मी म्हणालो, "आपण पंढरपूरला आषाढीला रांगेत उभं राहायला जातो की कळसाला हात जोडून येतो?" ती हसली. मंगळवार सोडून मधला साधा बुधवार धरला. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात दगड भाजतो. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ चढायला सगळ्यांत बरा.

दुसरी, वेळ. पुण्याहून लेण्याद्री साधारण 95 किलोमीटर. नारायणगाववरून जुन्नर, आणि जुन्नरहून पुढे पाचेक किलोमीटर. आदल्या रात्री जुन्नर किंवा ओझरला मुक्काम केला तर सकाळच्या गारव्यात पहिली पायरी चढता येते. आम्ही तेच केलं. शौचाला जाऊन येणं, गोळ्या घेणं, थोडं खाणं हे सगळं खालीच आटपावं, वर सोय असेल असं धरून चालू नये. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, त्यामुळे तिकीट काढावं लागतं. 15 वर्षांच्या आतल्या मुलांना ते लागत नाही.

तिसरी, माकडं. खाण्याचं काही हातात किंवा दिसेल अशा पिशवीत नेऊ नये. प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, तिचा आवाज झाला की ती धावून येतात. औषध आणि चष्मा अंगावरच्या खिशात किंवा कमरेच्या बटव्यात ठेवावा. त्यांना काही खायला घालू नये, आणि हातची वस्तू ओढलीच तर ओढाओढी करू नये. माकडाचा राग धरून उपयोग नाही. त्याला खायला देऊन ती सवय आपणच लावली आहे.

चौथी, पादत्राणं. आईने अनवाणी चढायचा हट्ट धरला तेव्हा मी म्हणालो, "नवस मी फेडतो, तू चप्पल घाल." ती चप्पल घालून चढली, मी अनवाणी. चप्पल मंदिराबाहेर काढायची असतेच. हातात काठी असावी, आणि ती चढण्यापेक्षा उतरताना जास्त लागते.

आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची, विसावा. पायऱ्या किती आहेत, कुणी 283 सांगतं, कुणी 307. मोजणं कुठल्या पायरीपासून धरता, त्यावर ते असावं. आम्ही वेगळी मोजणी धरली. पंचवीस-तीस पायऱ्या झाल्या की कडेला थांबायचं, आईने हरिपाठातला एक अभंग म्हणायचा, मी मागून धरायचा, मग पुढे. अभंग पुरा म्हणता आला म्हणजे श्वास जागेवर आला. धाप लागून शब्द तुटला तर आणखी एक अभंग. याहून चांगलं यंत्र मला ठाऊक नाही. मागून येणारी मंडळीही थांबायला लागली. मुंबईहून आलेला एक तरुण मुलगा आमच्याबरोबर तीन विसावे थांबला. त्याला अभंग येत नव्हते, त्याने टाळी धरली. मला चढायला एरवी वीस मिनिटं लागली असती. आम्हाला सव्वा तास लागला, आणि तो सव्वा तास माझ्या आयुष्यातल्या थोड्या चांगल्या वेळांपैकी एक आहे.

वर पोचल्यावर आई दारात उभी राहिली आणि आधी मागे वळली. खाली कुकडीचं खोरं, जुन्नरची वस्ती, पलीकडे शिवनेरी. मग आत गेली.

आतला मंडप पाहून माणूस गप्प होतो. एवढं प्रशस्त दालन आणि मधे एकही खांब नाही. दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा अशा वीस खोल्या कोरलेल्या. मागच्या मधल्या खोल्यांच्या जागी गिरिजात्मज. हे दालन मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका जागी राहून साधना करणाऱ्या भिक्षूंसाठी ते कोरलं गेलं. आपला चातुर्मास आणि त्यांचा वर्षावास, दोन्हींचं मूळ एकाच पावसात आहे. शेजारच्या चैत्यगृहात दात्याचा शिलालेख आहे. कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने ते दान दिलं. कल्याणहून नाणेघाट चढून व्यापारी जुन्नरला येत, त्या वाटेवरचा हा डोंगर. ज्याने कोरून घेतलं तो गेला, ज्यांनी छिन्नी धरली त्यांची तर नावंही उरली नाहीत, आणि त्यांच्या श्रमावर आपण आज हात जोडून उभे आहोत. म्हणून एक विनंती. भिंतीवर नाव लिहू नये, दगड घासू नये, आणि शेजारची लेणीही शांतपणे पाहून यावीत. पाहण्यासारखं पुष्कळ आहे. सगळी मिळून तीसएक लेणी आहेत.

आईला प्रदक्षिणा घालायची होती. पण इथली मूर्ती वेगळी घडवून बसवलेली नाही, ती मागच्या कातळातच कोरलेली आहे. तिच्या मागे जायला वाट नाही. आई जरा हिरमुसली. मग म्हणाली, "म्हणजे प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या डोंगराला घालावी लागंल. मग चढताना जेवढं वळलो तेवढं त्यात धरू." जागच्या जागी फिरून तिने नमस्कार केला. मी या वेळी तिच्या मागे उभा होतो. दोन वर्षांपूर्वीचा राहिलेला नमस्कार तिच्या पाठीआडून सांगितला.

उतरताना खरी परीक्षा झाली. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. तीसएक पायऱ्यांनंतर आईचा उजवा गुडघा धरला. तिथे डोलीवाले असतात. मी त्यांना हाक मारली, तशी आई माझ्यावरच उखडली. "माणसाच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं. जित्तेपणी नाही."

मला काय बोलावं सुचेना. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्यासारखंच शरीर असलेल्या माणसाने आपला भार वाहायचा, याचा संकोच वारकऱ्याला वाटलाच पाहिजे. डोलीवाल्यांमधला जो वयाने मोठा होता तो पायरीवर आईच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आजी, माळ आहे गळ्यात. वारी करता?" "अठरा केल्या." "मग पालखी कुणाच्या खांद्यावर असती?" आई म्हणाली, "पालखीत माउलींच्या पादुका असतात. मी कोण?" तो म्हणाला, "ते तुम्ही म्हणता. आमच्यासाठी जो बसतो तो देवाकडनं आलेला. तुम्ही न बसता गुडघा मोडून घेतला, तर आमची चूलही पेटायची नाही आणि तुमचा गुडघाही जायचा. कुणाचं भलं झालं?"

आई बराच वेळ गप्प बसली. मग बसण्याआधी वाकून तिने त्याच्या पायांना हात लावला. दोघेही डोलीवाले दचकून मागे सरले. पण दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा लहान-मोठा, जात-पात, मालक-मजूर पाहत नाही. तिने तेच केलं, दिंडीबाहेर. त्या वडीलधाऱ्यानेही मग वाकून तिच्या पायांना हात लावला आणि डोली उचलली.

डोलीचा मी फोनवर फक्त एवढा सल्ला दिला होता की, भाव आधी ठरवा. तो खराच आहे. खालीच विचारून घ्यावं, एकेरी की दुहेरी ते स्पष्ट करावं, अर्ध्या वाटेवर घासाघीस करू नये. पण पुढचंही सांगायला हवं होतं. भाव ठरला तरी वाहणाऱ्याला विसावा घेऊ द्यावा, त्याला पाणी विचारावं, आणि उतरल्यावर नोटा टाकून पाठ फिरवू नये. आपण वाहकाचे ऋणी राहतो, ते पैशाने पुरतं फिटत नाही.

त्या दिवशी दुपार मोकळी होती. रांजणगावच्या ऐवजी आम्ही ओतूरला गेलो. तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तिथली, असं परंपरा मानते. माघ शुद्ध दशमीला तुकोबांना स्वप्नात उपदेश झाला. लेण्याद्रीचा माघ चतुर्थीचा उत्सव झाला की सहा दिवसांनी ती दशमी येते. तिथून परतीच्या वाटेवर आळ्याला थांबलो. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. पैठणहून परतताना त्याने तिथे देह ठेवला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली, अशी श्रद्धा. आईने त्या समाधीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "यानं पाणी वाहिलं, ओझी वाहिली. वाहणाऱ्याचीच समाधी बांधली माउलींनी." सकाळचे डोलीवाले तिच्या मनातून गेले नव्हते. लेण्याद्रीला जाणाऱ्या वारकऱ्याने वेळ राखून ही दोन्ही ठिकाणं करावीत. एका दिवसात तीन विनायक गाठण्यापेक्षा एक विनायक आणि त्याच्या पंचक्रोशीतले हे संत भेटणं मला जास्त मोलाचं वाटतं.

यंदा आई 83 वर्षांची झाली. गेल्या माघात, चतुर्थीचा उत्सव होऊन आठ-दहा दिवस झाल्यावर, तिने पुन्हा लेण्याद्रीचं नाव काढलं. डॉक्टरांनी पायऱ्यांना नाही म्हटलेलं, आणि डोलीत तासभर बसणंही तिला आता झेपत नाही. मी म्हणालो, "पायथ्यापर्यंत जाऊ." गेलो. सकाळची वेळ. खाली सावलीत खुर्ची टाकली, गोळ्या आणि चष्मा तिच्या बटव्यात, पाणी हाताशी, शेजारी फुलं विकणाऱ्या मावशी. आई पहिल्या पायरीपर्यंत चालत गेली, वाकून तिच्यावर हात टेकवला, तो कपाळाला लावला आणि वर लेण्याच्या काळ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

पंढरपूरला नामदेवरायांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली. गाभारा नाही मागितला. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. चोखोबांची समाधीही त्याच दारासमोर, बाहेर. आपल्या संप्रदायाला पायरी ही कमी प्रतीची जागा कधी वाटली नाही. ज्याला वर जाता येत नाही त्याचं दर्शन अपुरं राहिलं, असं मानणाऱ्याने पंढरीची ती पायरी आठवावी. माझ्या मनावरचा एक जुना दगड त्या सकाळी हलला. त्या दिवशी आईला अर्ध्या वाटेवर सोडून गेलो याचं दुःख होतंच, पण ती दर्शनाला मुकली असं जे मी मनात धरलं होतं, ते तिचं दुःख नव्हतंच. देव तिला तिथेच भेटला असावा, पदराची सावली धरणाऱ्या त्या बाईत. मुकलो होतो तो मी.

"मी थांबू का इथं तुझ्यापाशी?" मी विचारलं.

"नको. तू जा वर. माझा नमस्कार सांग." तेच शब्द. मग म्हणाली, "आणि सावकाश ये. घाई न्हाई."

मी दर तीस पायऱ्यांवर थांबलो. एकटाच होतो, तरी अभंग म्हटला. मंडपात गेल्यावर आधी तिचा नमस्कार सांगितला, मग माझा. खाली आलो तेव्हा आई फुलवाल्या मावशींबरोबर हार ओवत बसली होती, आणि चढायला निघालेल्या एका घोळक्याला सांगत होती, "केळी खाली ठेवा बाळांनो, माकडं लई आहेत. आणि म्हातारीला हात धरून न्या."

फोन करणाऱ्या माउलींना मी ज्या पाच-सात गोष्टी सांगितल्या, त्यांत ही शेवटची सांगायची राहिली होती.

रामकृष्ण हरी.